जाड खळ

१

तिला वाटलं होतं, दार उघडताच तो वास येईल. शिजवलेल्या खळीचा, निळीचा आणि तापल्या इस्त्रीखालच्या सुती कापडाचा. दूरच्या शहरात राहून सहा वर्षं ती कापडाचं शास्त्र शिकली, आणि त्या सहा वर्षांत जिथे जिथे तिला बोलायला उभं केलं, तिथे ती मावशीच्या इस्त्रीच्या खोलीबद्दल बोलली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर दुहेरी ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर. टेबलामागे ताठ उभी असलेली मावशी आणि तिच्या हातातली कोळशाची जड इस्त्री, पाण्यावरून होडी जावी तशी कापडावरून जाणारी. हे हातातलं ज्ञान मरता कामा नये, असं ती म्हणायची आणि ते तिला खरोखर वाटायचं.

प्रत्यक्षात दार उघडलं तेव्हा वास आला तो सांधेदुखीच्या मलमाचा. मावशी टेबलाशी स्टुलावर बसली होती. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. डाव्या हाताने इस्त्री धरायची आणि उजव्या कोपराने ती पुढे रेटायची, असं तिचं चाललं होतं. कपड्यांचे ढीग दोनच होते. शेजारच्या सलूनवाल्याची पांढरी फडकी आणि एका लॉजच्या चादरी. बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच मशिनवाल्या लाँड्रीकडे गेली होती.

"आलीस? चपला बाहेरच काढ. खाली चादरी आहेत," मावशी म्हणाली. जणू ती सहा वर्षांनी नाही, कोपऱ्यावरून मीठ घेऊन आली होती.

तिने बॅग ठेवली, मावशीच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मोठ्या शहरात एक वस्त्रसंग्रहालय निघतंय. तिथली कार्यशाळा तिच्याकडे दिलीय. राहायला दोन खोल्या. मावशीने खुर्चीत बसून मुलींना शिकवायचं, हाताने काहीही करायचं नाही. दहा दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं. डॉक्टरांनी मनगटाबद्दल काय सांगितलंय तेही तिला ठाऊक होतं: आता थांबल्या नाहीत तर हा हात पेलाही उचलायचा नाही.

मावशीने सगळं ऐकलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "तू जा. मला नाही जमायचं."

"का पण?"

"इथलं कोण बघेल?"

तिने खोलीभर नजर फिरवली. दोन ढीग, एक टेबल, एक फळी. बघण्यासारखं इथे काय उरलं होतं, ते तिला काही केल्या कळेना.

२

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती वही घेऊन बसली आणि मावशीच्या मागे लागली, हे कसं, ते का. मावशी कंटाळत सांगत गेली.

तांदळाचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहता कामा नये. मग वरून उकळतं पाणी, आणि पळी एकाच दिशेने. चिमूटभर मीठ, म्हणजे खळ इस्त्रीला चिकटत नाही. चकाकी हवी असेल तर मेणबत्तीचा नखाएवढा तुकडा. सगळं मलमलीतून गाळायचं. चादरीला पातळ खळ, पाण्यात दूध सांडल्यासारखी. सलूनच्या फडक्यांना तिच्याहून दाट. वाळले की कपडे पुन्हा पाणी शिंपडून दमट करायचे, एकेक घट्ट गुंडाळायचा आणि बोचक्यात रात्रभर झाकून ठेवायचा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. बसला तर इस्त्री गार आहे. नाचला तर तयार.

"बसला तर गार, नाचला तर तयार," तिने मन लावून लिहून घेतलं.

"हे लिहायला सहा वर्षं शिकलीस?" मावशी म्हणाली, पण ओठाच्या कोपऱ्यात हसली. मग उठून तिने तिसरं पातेलं चढवलं.

या पातेल्यात तिने पीठ ओंजळीने घातलं. खळ शिजत गेली तशी पळी उभी राहायला लागली. पोस्टरं चिकटवायला असते तसली. मावशी दोन्ही हातांनी ढवळत होती आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्या नाकातून बारीक आवाज निघत होता.

"ही कशाला?"

मावशीने टेबलाच्या वर असलेल्या फळीवरून एक पांढरा शर्ट काढला. काढला म्हणजे दोन्ही हातांनी उचलला, काचेचं तावदान उचलावं तसा. पुरुषाचा, पूर्ण बाह्यांचा, साधा सुती शर्ट. घडी नाही. बाह्या अंगाशी सरळ. इतका कडक, की मावशीने तो टेबलावर टेकवला तेव्हा टक् असा आवाज झाला.

"कोणाचा?"

"आहे एकाचा. न्यायला आला नाही."

"कधीपासून?"

"माझ्याकडे आला तेव्हाही असाच होता."

मावशीने तो गार पाण्यात जेमतेम बुचकळला, जाड खळीत घातला, तळहाताने खळ कापडात चोळली, वाळवला, आणि संध्याकाळच्या आत त्याच्यावर इस्त्री मारून पुन्हा फळीवर उताणा ठेवला. हे सगळं ती दर शनिवारी करत होती. जो हात उद्या पेलाही उचलू शकणार नव्हता, त्या हाताने.

"हँगरला लावला तर जागा वाचेल," ती म्हणाली.

"हँगर म्हणजे खांदे," मावशी म्हणाली. "कशाला द्यायचे?"

ते वाक्य तिने वहीत लिहिलं नाही. दिवसभर दमलेलं माणूस काहीतरी बोलतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

३

सोमवारी सकाळी इस्त्रीत कोळसे भरताना तिची नजर फळीवर गेली. शर्टाच्या दोन्ही बाह्यांना, मधोमध, आतल्या बाजूने एकेक चुणी होती.

चुणी म्हणजे फार नाही. केसाएवढी रेघ, तिच्या दोन्हीकडे खळ तडकून भुरी झालेली. पण शनिवारी संध्याकाळी त्या बाह्या पट्टीसारख्या सपाट होत्या. तिने स्वतः हात फिरवून बघितलं होतं.

ती शास्त्र शिकलेली मुलगी. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि नीट पाहिलं. हवेत दमटपणा आहे. खळ वाळताना आकसते. जिथे ताण जास्त तिथे तडकते. बाहीचं कापड तिरकं कापलेलं असलं तर मधेच तडकणार. हे सगळं तिने वहीत लिहिलं आणि लिहिताना तिला बरं वाटलं.

मंगळवारी तिने चुणीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक ठिपके दिले. बुधवारी चुणी ठिपक्यांच्या पलीकडे गेली होती. आता मुख्य रेघेशेजारी तीनचार बारक्या रेघा पंख्यासारख्या फुटल्या होत्या. अशा चुण्या तिने हजारदा पाहिल्या होत्या. धुवायला आलेल्या प्रत्येक शर्टाच्या कोपराला त्या असतात. आत हात असतो, तो वाकतो, मग कापड असं मोडतं. बाहेरून दाबून तशी चुणी पाडता येत नाही. तिने लॉजच्या उशीच्या खोळीवर करून पाहिलं, बाहेरून दाबलं की चुणी उलटी पडते.

शर्टात हात नव्हता. तिने बाहीत दोन बोटं घालून पाहिली. आत कापड कापडाला चिकटलेलं होतं. बोटं बाहेर काढताना तिला उगीच वाटलं, आत बाहेरच्यापेक्षा जरा ऊब आहे. खाली इस्त्री होती, कोळसे होते, ऊब वरच जाणार. हेही तिने लिहिलं.

४

सलूनवाला गुरुवारी फडकी न्यायला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने सतत चालू. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काय डॉक्टरबाई? मावशी म्हणाल्या, तुम्ही कापडाच्या डॉक्टर झालात. मला सांगा, कापडाला ताप येतो का?"

"येतो. तुमच्या फडक्यांना कोंडाही होतो."

"हे बघा, मावशींच्या वळणावर गेल्या," तो खूश होऊन म्हणाला. "पण त्यांना न्या हो इथून. माझ्या दुकानात भिंतीपलीकडून मला इस्त्रीचा आवाज येतो. पूर्वी एका चादरीला दहा हात पडायचे, आता तीस पडतात. ऐकून माझाच खांदा दुखतो."

"न्यायलाच आलेय. त्या तयार नाहीत." तिने गठ्ठा पुढे केला. "आत या ना, चहा ठेवते."

"नको, नको. इथेच बरं आहे." त्याने गठ्ठा काखेत मारला, पण निघाला नाही. मान लांब करून फळीकडे बघितलं. "तो शर्ट आहे ना अजून?"

"आहे. तुम्हाला माहितीय त्याचं?"

"मला काय माहिती असणार? मी कात्रीवाला माणूस." तो हसला, पण हसू लवकर संपलं. "मागे एकदा मावशी तापाने पडल्या होत्या. शनिवार आला. मला म्हणाल्या, तेवढ्या शर्टाला खळ दे. मी दिली. माझी जरा पातळ झाली असेल. पहिल्यांदाच करत होतो."

"मग?"

"मग काही नाही. रविवारी सकाळी मावशींना दूध द्यायला आलो, आणि तेव्हापासून मी उंबऱ्याबाहेरच उभा राहतो." त्याने गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला. "उद्या मावशींना डॉक्टरकडे मीच नेतो स्कूटरवर. तुम्ही घरी थांबा. घर मोकळं नको."

५

त्या दुपारी तिने मावशीला गाठलंच. मावशी आतल्या खोलीत खाटेच्या कडेला बसून मनगटाची पट्टी सोडत होती. मनगट सुजून कोपरापर्यंत एकसारखं दिसत होतं.

"त्या शर्टासाठी तू इथे अडकलीयस," ती म्हणाली. "खरं की नाही?"

"पट्टी धर."

"मावशी, कपडा आहे तो. ज्याचा होता तो मेलासुद्धा असेल."

"असेल." मावशी पट्टी गुंडाळत राहिली. "कडक राहिला म्हणजे झालं. बाकी त्याचा काही त्रास नाही."

"आणि नाही राहिला तर?"

मावशीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती असती तर तिला बरं वाटलं असतं. भीतीशी वाद घालता येतो. तिथे नुसता थकवा होता, वर्षानुवर्षं साचलेला.

"मला एकदा दुपारपर्यंत झोपायचंय," मावशी म्हणाली. "कोणी उठवायचं नाही. पाच वाजता डोळा उघडायचा नाही. उठल्या उठल्या फळीकडे बघायचं नाही. तुझ्या त्या संग्रहालयात काय ठेवायचं ते ठेव. मला तेवढी एक झोप दे, जमलं तर."

ती रात्रभर त्या वाक्याशी झगडली असं म्हणता येणार नाही, कारण तिला तेव्हाच ठरवता आलं. एका जुन्या सवयीने एका चांगल्या बाईचा हात खाऊन टाकला होता. सवयीला कारण नव्हतं, होता फक्त एक शर्ट. शिवाय शास्त्र तिच्या बाजूने होतं. जपून ठेवायच्या कापडात खळ कधी ठेवत नाहीत. खळीला कसर लागते, धागे घडीवर मोडतात. वर्षानुवर्षांची खळ काढून कापड मोकळं करायचं, हे तर तिच्या विद्येचं पहिलं कर्तव्य. शर्ट मऊ होईल, पातळ कागदात गुंडाळून पेटीत जाईल आणि त्याच्याबरोबर मावशी सुटेल.

६

शुक्रवारी सकाळी सलूनवाला मावशीला घेऊन गेला. डॉक्टरकडे गर्दी असते, तीनच्या आत यायच्या नाहीत, असं सांगून गेला.

तिने मागच्या खोलीत मोठं घमेलं मांडलं. कोमट पाणी घेतलं. शर्ट फळीवरून उतरवून त्यात आडवा ठेवला. तो आधी तरंगला. मग कॉलर वाकली, पुढच्या पट्ट्या सुटल्या, आणि पाणी दुधासारखं झालं.

तिने पाणी बदललं. पुन्हा दूध. तिसऱ्या पाण्यात खळीच्या सालपटांसारखे पापुद्रे निघाले, एकाखाली एक. तिला काम करताना गाणं गुणगुणायची सवय होती. चौथ्या पाण्यापर्यंत ती गुणगुणत होती.

पाचव्या पाण्याला तिच्या लक्षात आलं, की तिने नळाचं गार पाणी घेतलंय, तरी ते घमेल्यात पडलं की थोड्या वेळाने कोमट होतंय. तिने हात बाहेर काढून गालाला लावला. हात गार पडले की पाणी ऊन लागतं. होतं असं.

सातव्या पाण्यानंतर तिने कडेच्या धाग्यावर आयोडीनचा थेंब टाकला. खळ असती तर थेंब काळानिळा झाला असता. तो पिवळसरच राहिला. कापड स्वच्छ होतं. तिने ते हातात घेतलं आणि चकित झाली. इतक्या जुन्या कापडाचा धागा विरायला हवा होता. हे कापड नवं होतं. कानाच्या पाळीसारखं मऊ आणि तितकंच जाड. फक्त कॉलरच्या आत मानेपाशी घामाची पिवळी रेघ होती, आणि तिथे नाक नेताच घामाचाच वास आला. आजच्या घामाचा.

शर्ट वाळत घालतात तसा तिने तो मागच्या खोलीतच टांगला. खालच्या काठाला दोन चिमटे, कॉलर खाली, बाह्या लोंबत्या. दोरीवर त्याच्या दोन्ही बाजूंना लॉजच्या चादरी होत्या. खिडकी बंद होती; धूळ येते म्हणून मावशी ती कधी उघडत नसे.

मग ती इस्त्रीच्या खोलीत येऊन संग्रहालयाला होकाराचं पत्र लिहायला बसली. आम्ही दोघी येतो, असं तिने लिहिलं.

७

पत्राचा शेवट लिहिताना मागच्या खोलीत कपडा झटकल्याचा आवाज झाला. फट्, एकदाच.

वाळत घालण्याआधी मावशी प्रत्येक कपडा तसा झटकायची. तिला वाटलं, मावशी मागच्या दाराने आली. ती "आलीस का?" म्हणाली आणि सही करायला लागली. मागच्या खोलीला बाहेरून यायला दारच नव्हतं, हे तिला सही अर्धी झाल्यावर आठवलं.

पुन्हा फट्. मग थेंबांचा आवाज. शर्टाखाली घमेलं होतं, त्यात पाणी ठिबकत होतं. तो आवाज ती मघापासून ऐकत होती. आता थेंब पत्र्यावर नाही, फरशीवर पडत होते. इथे, मग जरा पुढे.

ती उठून चौकटीत उभी राहिली. दुपारचा पांढरा उजेड होता. चादरी सरळ लोंबत होत्या. त्यांच्यामधल्या जागेत, दोरीवर, दोन चिमटे होते. घट्ट मिटलेले.

डावीकडची चादर हलली. वाऱ्याने हलते तशी नव्हे. चादरीच्या पलीकडून एक ठिकाण पुढे आलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या. आंधळा माणूस भिंत चाचपतो तसं काहीतरी चादरीची कडा शोधत होतं. चार खळगे आणि बाजूला पाचवा. ते कडेपर्यंत पोहोचले. कडेवरून एक ओली बाही बाहेर आली, कफचं बटण लावलेलं. ती कोपरात वाकली. वाकल्यावर क्षणभर थांबली, आखडलेला हात फार दिवसांनी सैल करताना माणूस थांबतं तशी. बाहीच्या तोंडातून काहीच बाहेर आलेलं नव्हतं, पण चादर तिथे मुठीत धरल्यासारखी गोळा झाली होती.

त्यानंतर तिने पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दमट हवा, आकसणारे धागे, तिरकं कापड हे सगळं एकापाठोपाठ एक मनात म्हणत गेली. तिच्या पाठीमागून थेंब गेले. इस्त्रीच्या खोलीतून आतल्या खोलीत. खाट करकरली. मग सगळं शांत झालं.

मावशी आली तेव्हा ती तशीच उभी होती. मावशीने रिकामी फळी पाहिली, घमेलं पाहिलं, फरशीवरची ओली रांग पाहिली. ओरडली नाही. तिच्या हाताला डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं होतं.

"किती पाण्यांतून काढलास?"

"सात."

मावशीने मान हलवली आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. तीही मागून गेली, कारण एकटीने उभं राहणं त्याहून कठीण होतं.

शर्ट मावशीच्या खाटेवर होता. भिंतीकडे वळून, कुशीवर. एक बाही कॉलरखाली घेतलेली, उशाला हात घेतात तशी. दुसरी पोटाशी. पाठीचं कापड हळूहळू वर येत होतं आणि खाली जात होतं. गाढ दमलेलं माणूस झोपतं तितक्या हळू.

दोघी बराच वेळ बघत राहिल्या. मावशीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला पुढेही विसरता आलं नाही. तो हेवा होता.

"उठवू नकोस," मावशी कुजबुजली. "आधी खळ कर. जाड."

खळ तिनेच केली, मावशीने फक्त सांगितलं. पीठ ओंजळीने घातलं, पळी उभी राहीपर्यंत ढवळलं. शर्ट उचलला तोही तिनेच. ओल्या सुती शर्टाला इतकं वजन नसतं. खळीत दाबून धरल्यावर कॉलरमधून बुडबुडे आले, एकामागोमाग एक, मग थांबून थांबून, मग एक शेवटचा. वाळवायला वेळ नव्हता. वर पातळ फडकं टाकून तिने ओल्यावरच इस्त्री फिरवली. आधी कॉलर, मग कफ.

"कोपरावर थांबायचं नाही," मावशी म्हणाली. "सरळ जायचं. थांबलीस की दया येते."

ती थांबली नाही. इस्त्रीखाली काहीतरी चरचरलं आणि सपाट झालं. उजेड मावळायच्या आत शर्ट फळीवर होता.

८

शनिवारी पाच वाजता तिचा डोळा उघडला. मावशी खाटेवर उठून बसतच होती, पाय खाली सोडलेले, नजर आधीच दाराबाहेरच्या फळीकडे.

ती रात्रभर बोलायची वाक्यं जुळवत होती. शर्ट इथेच टाकून जाऊ. बरोबर नेऊ, पेटीत घालू, कुलूप लावू. सकाळच्या उजेडात यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मावशीचं प्लॅस्टर मांडीवर होतं आणि त्यातून बाहेर आलेली बोटं पळी धरल्यासारखी वाकलेली होती.

"पड परत," ती म्हणाली.

"आज शनिवार."

"माहितीय मला. पड. दुपारपर्यंत उठायचं नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. नको म्हणायचं तिच्या मनात होतं. मग ती आडवी झाली, भिंतीकडे वळली आणि चांगला हात उशाला घेतला. तिच्या पाठीवरचं कापड हळूहळू वर आलं, खाली गेलं. ती क्षणभर दारातच खिळून राहिली आणि मग तिने दार ओढून घेतलं.

बाहेर येऊन तिने फळीकडे पाहिलं. डाव्या बाहीच्या मधोमध केसाएवढी रेघ होती.

होकाराचं पत्र टेबलावर होतं, सही अर्धी. तिने ते चुलीत कोळशांखाली सारलं आणि काडी लावली. वहीतली सोमवारपासूनची पानंही त्याच्यावर टाकली. भिंतीपलीकडे सलूनवाल्याने शटर वर केलं. थोडा वेळ तिकडे सगळं शांत होतं. तो कान देत असावा.

तिने पातेल्यात पीठ ओंजळीने घेतलं, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि एकाच दिशेने ढवळायला सुरुवात केली.